बातमीचे गाणे

राज्य एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या प्रसंगी आमच्या सांगोल्याचे नाव दोनदा पुढे आले. पहिल्यांदा १७५० साली, दुसऱ्यांदा २०२२ साली. पैकी दुसऱ्या वेळचे गाणे झाले आणि ते महाराष्ट्रभर वाजले. पहिल्या वेळचे गाणे मात्र मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. मी गाणी लिहिणारा माणूस. कोणत्या बातमीचे गाणे होते आणि कोणत्या बातमीचे होत नाही, हा आमच्या धंद्यातला नेहमीचा प्रश्न. पण तो इतिहासाचाही प्रश्न आहे, कारण ज्याचे गाणे होते ते लोकांच्या लक्षात राहते आणि बाकीचे दप्तरात पडते. फराळाचे ताट पुढ्यात असताना वाचकाला इतिहासाच्या दप्तरात न्यायचे म्हणजे थोडा जुलूमच आहे. तरी चकली हातात ठेवूनच यावे, वाट फार लांबची नाही.

आधी अलीकडची गोष्ट. २०२२ च्या जून महिन्यात शिवसेनेत फूट पडली. एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेलेले आमदार सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला जाऊन राहिले. त्यांत सांगोल्याचे त्या वेळचे आमदार शहाजीबापू पाटील होते. गावाकडच्या एका कार्यकर्त्याने टेलिफोनवरून खुशाली विचारली, तेव्हा त्यांनी तिथल्या झाडीचे, डोंगराचे आणि हॉटेलाचे तोंड भरून कौतुक केले. ते बोलणे ध्वनिमुद्रित होऊन बाहेर फुटले आणि पुढच्या काही दिवसांत त्याची गाणी झाली. ढोलकीच्या ठेक्यावर झाली, डीजेवर झाली, पोराटोरांच्या खेळण्यात आली. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी झाला. पुढे हा सारा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर निकाल दिला. या निकालातले एक वाक्य तोंडपाठ असलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. झाडी, डोंगार आणि हाटील मात्र शाळकरी पोरालाही पाठ आहे.

गाणे लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यात आश्चर्य काही नाही. ते वाक्य मुळातच ठेक्यात बोललेले होते. तीन वस्तू, प्रत्येकीच्या आधी तोच एक प्रश्नार्थक शब्द, आणि शेवटी समेवर येणारा समाधानाचा उद्गार. ध्रुपद याहून वेगळे काय असते? शिवाय 'डोंगर' नव्हे तर 'डोंगार', 'हॉटेल' नव्हे तर 'हाटील'! हा माणदेशी लांबवलेला स्वर ढोलकीवाल्याला हात फिरवायला जागा करून देतो. पुण्यामुंबईचे लोक या उच्चाराला हसले. सांगोल्यातही हसले, पण आमच्या हसण्यात थोडी ओळख होती. बाभळी, बोरी आणि कुसळांचा माळ पाहत ज्याचा जन्म गेला त्याला पावसाळ्यातला आसाम पाहून दुसरे सुचावे तरी काय? राजकारण कोणाला पटो वा न पटो, ते कौतुक खरे होते. खऱ्या उद्गाराचेच गाणे होते. बनवून सांगितलेल्या निवेदनाचे होत नाही. पण मग त्या गाण्याने बातमी घरोघर पोहोचवली, की बातमी गिळून नुसते झाड तेवढे बाहेर ठेवले? हा प्रश्न मनात घेऊनच पावणेतीनशे वर्षे मागे जाऊ.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराज वारले. पोटी पुत्र नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून गुप्तपणे वाढवलेल्या रामराजाला पुढे केले आणि तो गादीवर आला. आता राज्य चालवायचे कोणी? वृद्ध पण जिद्दीच्या ताराबाईंनी, की पुण्याहून बाळाजी बाजीराव पेशव्यांनी? ही ओढाताण चालू असताना प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांना न जुमानता सांगोल्याच्या गढीत बसला. त्याच्यावर सदाशिवरावभाऊ फौज घेऊन आले. पुढे पानिपतावर गेले तेच हे भाऊसाहेब, तेव्हा अगदी तरुण. बरोबर खुद्द छत्रपती रामराजे होते. सांगोले हाती आले, आणि इथल्याच मुक्कामात तो करार झाला ज्याला इतिहासकार सांगोल्याचा करार म्हणतात. त्याचा मथितार्थ एवढाच, की राज्याचा कारभार यापुढे पेशव्यांनी पाहावा. गादी साताऱ्याची राहिली. सत्ता पुण्याला गेली. करार करून राजे साताऱ्यास परतले, तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ताराबाईंनी त्यांना किल्ल्यावर कैद केले. शिवछत्रपतींच्या गादीचा अधिकार कोणत्या गावच्या मातीवर उतरला असे विचारले, तर उत्तर सांगोला हे आहे. आणि सांगोल्यातल्या शंभर माणसांना विचारले तर मला वाटते नव्वदांना ते ठाऊक नसेल.

का नसावे? शाहिराच्या जागी बसून पाहा. पोवाड्याला एक नाव लागते, एक वैरी लागतो आणि हाताने केलेले एक काम लागते. अफझलखानाच्या भेटीत तिन्ही आहेत. सिंहगडावर तिन्ही आहेत. सांगोल्याच्या तंबूत काय होते? कागद, शाई, मोर्तब आणि मान खाली घातलेला एक तरुण राजा. ज्याचे गेले त्याला ते मिरवायचे नव्हते आणि ज्याला मिळाले त्यालाही डफावर थाप मारून जगाला सांगायचे नव्हते. शाहिराला बोलावणार कोण आणि बिदागी देणार कोण? बाकी त्या पावसाळ्यात एवढी फौज, घोडी आणि हत्ती सांगोल्याच्या माळावर उतरले तेव्हा कडबा कोणाच्या गंजीचा गेला, हे सांगायला बखरीची गरज नाही.

बिदागीचा उल्लेख मुद्दामच केला. आपल्याकडचा शाहीर म्हणजे त्या काळचे वर्तमानपत्र, असे भाषणांतून नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. वर्तमानपत्राला मालक असतो, तसा शाहिरालाही असे. १६५९ साली अफझलखानाचा वध झाला; अज्ञानदासाने त्यावर पोवाडा रचला, तो जिजाबाईंच्या सांगण्यावरून, आणि शिवाजी महाराजांनी त्याला घोडा आणि सोन्याचा तोडा दिला, अशी परंपरा आहे. यात कमीपणा काही नाही. काम अस्सल होते आणि मोलही अस्सल मिळाले. पण यामुळे एक गोष्ट घडली. जिंकणाऱ्याच्या बातम्या डफावर चढल्या आणि इतरांच्या जमिनीवर राहिल्या. खर्ड्याची १७९५ ची लढाई शाहिरांनी गाजवली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १८०२ साली, होळकरांच्या पठाणांनी सांगोले लुटले. त्याआधी गाव इतके भरभराटीत होते की त्याला 'सोन्याचे सांगोले' म्हणत, असे जुन्या इंग्रजी गॅझेटियरात लिहिलेले आहे. एवढी मोठी पेठ लुटली गेली आणि आपल्याकडे ती उरली गॅझेटियरातल्या एका ओळीपुरती! लुटणाऱ्या सरदाराच्या शौर्याला कवन मिळते. दुकानाच्या तुटलेल्या फळीला ते मिळत नाही.

जे गाइले गेले तेही टिकले ते थोडक्यात. गोंधळी आणि शाहीर यांच्या तोंडी राहिलेले पोवाडे जमवण्याचे काम हॅरी ॲक्वर्थ या मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरने आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी केले. १८९१ साली त्यांचा संग्रह छापून निघाला. १८९४ साली ॲक्वर्थने त्यांतल्या काहींचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध केले. पुढे य. न. केळकरांनी या कामाला आयुष्य वाहिले. मुंबईची गटारे आणि पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या साहेबाने संध्याकाळी गोंधळ्याला पुढ्यात बसवून संबळ ऐकावा, हे चित्र मला फार आवडते. आपल्यातल्या किती पदवीधरांनी त्या काळी ते केले असते कोण जाणे!

सोलापूर जिल्ह्याचा म्हणून शाहीर सांगायचा तर राम जोशी. सोलापूरच्या वैदिक घरातला हा बुद्धिमान माणूस; तमाशाचा नाद लागला म्हणून थोरल्या भावाने घराबाहेर काढले, मग पंढरपुरास जाऊन शास्त्रे शिकला, अशी कथा सांगतात. लावणीही त्याचीच आणि कीर्तनही त्याचेच. बारामतीच्या मोरोपंतांच्या आर्या पंडितांच्या ओसरीवरून उठवून त्याने कीर्तनाच्या मांडवात आणल्या. १९४७ साली त्याच्यावर 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला. त्याची कथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची होती. माडगूळकर म्हणजे आमचे शेजारी. त्यांचे माडगूळ आटपाडी तालुक्यातले, आणि आटपाडी व सांगोला यांच्यामध्ये शीव कोणती आणि माळ कोणता हे मेंढराला विचारले तर त्याला सांगता येणार नाही.

एव्हाना खरी वर्तमानपत्रे आली होती. १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले आणि हळूहळू शाहिराचा पहिला मान गेला. घटना घडली कशी हे सांगायला आता तो लागत नव्हता. असे झाल्यावर ही विद्या मरायला हवी होती. मेली नाही, कारण तिला दुसरे काम सापडले. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला. महाराजांना जाऊन तेव्हा १८९ वर्षे झाली होती. त्यात नवी बातमी ती कसली? नवी होती ती सांगणाऱ्याची जागा. हा राजा कुळवाड्यांचा, हे जोतीरावांनी डफाच्या भाषेत सांगितले. येथून पुढे मराठी शाहीर 'काय झाले' याच्यापेक्षा 'ते कोणाचे' हे सांगू लागला, असे माझे मत आहे. पंडितांना ते फार ढोबळ वाटेल, वाटो.

कागदाचे तोंड बंद करता येते, हेही आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. यांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचे पत्र चालवीत. पत्र बंद करता येते, छापखान्याला कुलूप लावता येते. पाठ झालेले गाणे जप्त करायला मात्र घरोघरची डोकी जप्त करावी लागतात. १९४२ नंतर सातारच्या पत्री सरकारच्या मुलुखात शाहीर शंकरराव निकमांच्या डफाला एवढी किंमत आली ती त्यामुळेच. त्यांच्यासाठी पोवाडे लिहून देणाऱ्यांत तरुण माडगूळकर होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि मग अण्णाभाऊ साठे आले. वाटेगावचा हा मुलगा, शाळेची पायरी जेमतेम चढलेला, मुंबईच्या कामगार वस्तीत राहणारा. १९४३ च्या फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मन फौजा शरण आल्या, आणि त्याच वर्षी अण्णाभाऊंचा स्टालिनग्राडचा पोवाडा झाला. क्षणभर थांबून विचार करा. व्होल्गा नदी कोठे, वारणा कोठे! ऐकणाऱ्या गिरणी कामगाराने बर्फ पाहिलेला नव्हता आणि स्टालिनग्राडच्या कामगाराने डफ ऐकलेला नव्हता. तरी त्या शहरातला एकेका घरासाठी झुंजणारा माणूस त्याला आपल्या चाळीतला वाटला. छापील बातमी वाचून हे होत नाही. तीत मेलेल्यांचे आकडे असतात. पुढे १९६१ साली अण्णाभाऊ स्वतः रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले.

त्यांचे साथी अमर शेख बार्शीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी, बार्शीच्या गिरणीत काम केले, संपात पडले, तुरुंगात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांची सभा असो की डांग्यांची, आधी अमर शेख गात आणि मग वक्ता उभा राही. ज्यांनी त्यांना ऐकले ते सांगतात की त्या आवाजापुढे लाउडस्पीकर हे केवळ एक शोभेचे भांडे होते. अण्णाभाऊंची 'माझी मैना' याच सभांतली. मुंबईवाचून महाराष्ट्र म्हणजे काय हे राज्य पुनर्रचनेच्या अहवालात शेकडो पानांत लिहिलेले होते. लोकांना ते कळले गावाकडे राहिलेल्या एका बाईच्या आठवणीतून. १ मे १९६० रोजी राज्य झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, आणि बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. त्या दीड महिन्यात महाराष्ट्राची दोन वर्तमानपत्रे बंद पडली असे कोणी म्हटले तर मी त्याला नाही म्हणणार नाही.

रेडिओने मात्र वेगळीच चाल केली. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले आणि १९५५ च्या रामनवमीपासून दर आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकरांचे व सुधीर फडक्यांचे 'गीतरामायण' लागू लागले. वर्षभरात ५६ गाणी झाली. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. रामाची बातमी त्रेतायुगातली, पण पुढच्या आठवड्यात काय होणार म्हणून माणसे अशी वाट पाहत जसा निवडणुकीचा निकाल लागायचा आहे! याच माडगूळकरांना १९६२ साली विधान परिषदेवर घेतले गेले. पोवाडा लिहिणाराचा सभागृहात प्रवेश झाला ही चांगलीच गोष्ट. पण सभागृहात गेल्यावर डफ बाहेर ठेवावा लागतो.

खेळाचे काय, असे आमचे तरुण विचारतील. कोल्हापुरात फुटबॉलचे वेड असे की पाटाकडील, खंडोबा या तालमींच्या नावांनी संघ उतरतात. म्हणजे लाल मातीतल्या तालमीने चेंडू दत्तक घेतला. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धे गाव तिथे आणि उरलेले अर्धे वाद घालायला कट्ट्यावर. तरीही फुटबॉलचा गाजलेला पोवाडा माझ्या ऐकण्यात नाही. कारण मला असे दिसते की खेळाची गंमत निकाल लागेपर्यंतची, आणि पोवाड्याची गंमत निकाल ठाऊक असल्यावर सुरू होते. अफझलखान वाचेल की काय, या काळजीने कोणी पोवाडा ऐकत नाही. खेळाला शाहीर नको, समालोचक पाहिजे. तो मराठी क्रिकेटला बाळ ज. पंडितांच्या रूपाने आकाशवाणीवर मिळाला. आमच्या यात्रांतल्या कुस्तीला समालोचक आणि हलगी दोन्ही मिळाली, म्हणून कुस्ती अजून कानांनी पाहता येते.

आता पुन्हा सांगोल्यात. गणपतराव देशमुख या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षातर्फे अकरा वेळा निवडून आले. पहिल्यांदा १९६२ साली, अखेरचे २०१४ साली. ३० जुलै २०२१ रोजी ते वारले. एस. टी.ने फिरणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या अर्ध्या शतकाचे सारे बोलणे एकाच विषयावर होते, पाणी. टेंभू, म्हैसाळ, नीरा उजवा कालवा ही नावे त्यांनी इतक्यांदा उच्चारली असतील की एखाद्या भक्ताचे नामस्मरण पुरे व्हावे. पण त्याचे गाणे झाले नाही. घनफुटांना चाल लागत नाही. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालातल्या शालिमारला सुटली; आमच्या माळावरचे डाळिंब हावड्याच्या बाजारात चालले. पंतप्रधानांनी दिल्लीहून झेंडी दाखवली, छायाचित्रे छापून आली. दुसऱ्या देशात अशा गाडीवर लोकगीते झाली असती. इथे झाले नाही, आणि दीड वर्षाने गुवाहाटीच्या हॉटेलाचे झाले.

मी यात गाणे करणाऱ्या पोरांना दोष देत नाही. त्यांच्या हाती टेलिफोन आहे आणि कान तिखट आहे. त्यांना बिदागी देणारा सरदार नाही, अडवणारा संपादक नाही. जे ठेक्यात सापडले ते त्यांनी उचलले. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पूर्वी हेच करी. अंबिकादेवीच्या यात्रेत खिल्लार बैलांचा बाजार उठला की रात्री कनातीत मंत्र्यासंत्र्यांची टिंगल होई आणि पुढच्या रांगेतले पुढारीच आधी हसत. फरक इतकाच, की बतावणी गण-गौळणीनंतर येई आणि तिच्यामागे वग असे. हसवून झाल्यावर तीन तास राजाराणीचे, न्यायअन्यायाचे चाले. आता बतावणी झाली की माणसे उठून जातात.

मग बाकीचे कोणी गाइले? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर बसलेल्या बायकांनी गाइले. लाल मिलोची भाकरी, सुकडीचा घमेल्यातला वाटा, दावणीचा विकलेला बैल, मुकादमाने मोजलेली पाटी हे सारे त्यांच्या ओव्यांत मी लहानपणी ऐकले आहे. ते कोणत्या संग्रहात नाही आणि त्याला कोणी घोडा दिला नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळाने ओस पडलेली वाडी आहे. थोरल्या भावाच्या गाण्यांत जी जागा रिकामी होती ती धाकट्याने गद्यात भरली असे मला नेहमी वाटते. आणि धनगर तर गातातच. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन विद्वान वर्षानुवर्षे त्यांच्या वाड्यांवर बसून ओव्या उतरून घेत असे. बिरोबाची, म्हाळिंगरायाची कथा सांगता सांगता त्या ओवीत पाऊस हरवतो, गवत संपते, मेंढरे नदी ओलांडून परमुलखात जातात. करार कोणी केला आणि गादीवर कोण बसले याचा तिला पत्ता नसतो. पण सांगोल्यावरून जाणाऱ्या फौजांनी जो कडबा नेला त्याची टंचाई तिच्यात कोठेतरी असणार, असे मी धरून चालतो.

सांगोल्याला लागूनच मंगळवेढे तालुका, त्यात हुलजंती. दिवाळीच्या अमावास्येला तिथे म्हाळिंगरायाची यात्रा भरते. गावोगावच्या पालख्या भेटीला येतात, ढोल लागतात, भंडाऱ्याने माणसे, ढोल आणि रस्ता यांचा एकच रंग होतो. वाचक हा अंक उघडतील तेव्हा त्या ढोलांना पान लागलेले असेल. रात्री गर्दी पांगली की काही म्हातारे एका बाजूला घोंगडी टाकून बसतात आणि ओवी सुरू होते. एकाने ओळ सोडायची, दुसऱ्यांनी कानावर हात ठेवून ती उचलायची. या वर्षी पाऊस कसा झाला हे त्यांच्या ओळीत येतेच.